भंडाऱ्यात खरंच कधी समुद्र मिटला होता का? ग्रॅनाइट काय सांगतो, समजून घ्या

तुमसर रोड स्टेशनवरून तिरोडीकडे जाणारी रेल्वेची एक फाटा लाइन आहे. एकेकाळी मँगनीज वाहून नेण्यासाठी महत्त्वाची असलेली ही लाइन वैनगंगेच्या सपाट धानपट्ट्यातून निघते आणि गोबरवाही, चिखला या खाणींच्या परिसरातून मध्य प्रदेशात शिरते. खिडकीतून आधी बांध्या दिसतात, मग झुडपी जंगल, मग कमी उंचीचे डोंगर. हा प्रदेश कधी हिमालयासारखा असेल, असं पाहून कुणालाही वाटणार नाही.

पण भूवैज्ञानिकांच्या दृष्टीने हा भारतातल्या सर्वात जुन्या 'शिवणीं'पैकी एकीचा परिसर आहे. भारताचे उत्तर आणि दक्षिण असे दोन वेगळे भूखंड होते, त्यांच्यामध्ये समुद्र होता, तो मिटला, भूखंड एकमेकांवर आदळले आणि डोंगर उभे राहिले. हे घडलं ते भंडारा, बालाघाट, नागपूर, छिंदवाडा या पट्ट्यात, असं मानलं जातं.

आज तिथे समुद्र नाही. उंच पर्वतही झिजून गेले. मग हे कळलं कसं? आणि नेमकं कधी घडलं? या प्रश्नांची बरीचशी उत्तरं ग्रॅनाइट या दगडात आहेत. पण ग्रॅनाइटने दिलेली उत्तरं आधी वाटलं होतं तितकी सरळ निघाली नाहीत.

थोडक्यात

- समुद्राचा तळ भूखंडाखाली सरकतो तेव्हा खोलवर शिलारस तयार होतो. तो जमिनीखालीच थंड झाला की त्याचा ग्रॅनाइट बनतो.
- समुद्र मिटल्यावरही ग्रॅनाइट मागे उरतो. त्याच्या रसायनावरून तो कशातून आणि कशा परिस्थितीत बनला याचा अंदाज येतो आणि त्यातल्या झिरकॉनवरून वय कळतं.
- भंडाऱ्याच्या आसपासच्या खडकांमध्ये सुमारे २५० कोटी, १६० कोटी आणि १०० कोटी वर्षांपूर्वीच्या तीन वेगळ्या घटनांच्या नोंदी सापडतात.
- त्यामुळे 'एक समुद्र, एक टक्कर' ही जुनी मांडणी आता अपुरी ठरते.

भंडाऱ्याचा दगड वेगळा का?

महाराष्ट्रात दगड म्हटलं की काळा पाषाण आठवतो. सह्याद्री, अजिंठा-वेरूळची लेणी, बहुतेक गडकिल्ले हे सगळं बसाल्टमध्ये आहे. राज्याचा सुमारे ८० टक्के भाग साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या लाव्हाने झाकला आहे.

नागपूरच्या पूर्वेला चित्र बदलतं. लाव्हाची ही चादर भंडाऱ्यापर्यंत पसरलेली नाही. त्यामुळे उरलेल्या महाराष्ट्रात जे खडक लाव्हाखाली दडलेले आहेत, तशा जुन्या पिढीचे खडक इथे उघड्यावर दिसतात. ढोबळमानाने त्यांचे तीन गट करता येतात.

- सौसर गट: जिल्ह्याच्या उत्तरेला, तुमसर तालुक्याच्या बाजूला. नाव छिंदवाडा भागातल्या सौसर गावावरून. मूळचे हे समुद्रात साचलेले गाळाचे थर. पुढे दाब आणि उष्णतेने त्यांचं रूप पालटलं. मँगनीज यातच आहे.
- साकोली गट: दक्षिणेकडच्या भागात. नाव साकोलीवरूनच. यात रूपांतरित गाळाचे आणि ज्वालामुखीय खडक आहेत.
- नाईस आणि ग्रॅनाइट: या दोन्ही गटांच्या खाली आणि आजूबाजूला. नाईस म्हणजे प्रचंड दाबाखाली पट्टे पडलेला खडक. बऱ्याचदा तो मूळचा ग्रॅनाइटच असतो. गोंदिया जिल्ह्यातल्या आमगाववरून 'आमगाव नाईस' हे नाव पडलं आणि तिरोडीवरून 'तिरोडी नाईस'.

दक्षिणेकडच्या जुन्या भूखंडाला भूवैज्ञानिक 'बस्तर क्रेटन' म्हणतात. काही ग्रंथांत याचंच नाव 'भंडारा क्रेटन' असंही येतं. क्रेटन म्हणजे भूखंडाचा अतिशय जुना, स्थिर झालेला गाभा. छत्तीसगडमधल्या दल्ली-राजहरा इथल्या या गाभ्यातल्या ग्रॅनाइटचं वय सुमारे ३६० कोटी वर्षं निघालं आहे. उत्तरेकडचा गाभा म्हणजे 'बुंदेलखंड क्रेटन'. या दोघांच्या मधला जो पट्टा, तो मध्य भारतीय भूसंरचना पट्टा. भंडाऱ्याचा उत्तर भाग या पट्ट्याच्या दक्षिण कडेवर येतो.

ग्रॅनाइट म्हणजे नेमकं काय?

दुकानात स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी 'ब्लॅक ग्रॅनाइट' म्हणून जो दगड मिळतो, तो भूविज्ञानाच्या भाषेत बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतो. तो डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. खरा ग्रॅनाइट फिकट असतो, म्हणजे करडा, पांढरट किंवा गुलाबी.

जवळून पाहिलं तर त्यात तीन गोष्टी दिसतात. काचेसारखे धुरकट दाणे म्हणजे क्वार्ट्झ, आपली गारगोटी. पांढरे किंवा गुलाबी चपटे दाणे म्हणजे फेल्डस्पार. आणि चमकणारे काळे-रुपेरी पापुद्रे म्हणजे अभ्रक.

दाणे डोळ्यांना दिसण्याइतके मोठे असणं महत्त्वाचं आहे. लाव्हा जमिनीवर येऊन भराभर थंड होतो, त्यामुळे बसाल्टचे दाणे बारीक राहतात. ग्रॅनाइटचा शिलारस मात्र जमिनीखाली काही किलोमीटर खोल, हजारो-लाखो वर्षं सावकाश थंड होतो. त्यामुळे स्फटिकांना वाढायला वेळ मिळतो.

म्हणजे एखाद्या शेतात ग्रॅनाइट उघडा पडलेला दिसला, तर त्याच्या डोक्यावर कधीतरी काही किलोमीटर जाडीचा खडक होता आणि तो झिजून वाहून गेला, असा त्याचा अर्थ होतो.

समुद्राचा तळ खाली गेला की शिलारस कसा तयार होतो?

पृथ्वीचं बाहेरचं कवच भूपट्टांमध्ये तुटलेलं आहे. हे भूपट्ट वर्षाला काही सेंटीमीटर सरकतात, साधारण आपली नखं वाढतात त्या वेगाने. समुद्राखालचा भूपट्ट जुना आणि थंड झाला की जड होतो. समोर भूखंड आला तर तो त्याच्याखाली घुसतो. या प्रक्रियेला सबडक्शन म्हणतात.

इथे एक गैरसमज सर्रास होतो. खाली गेलेला तळ उष्णतेने वितळतो आणि त्याचा लाव्हा बनतो, असं अनेकांना वाटतं. बहुतेक ठिकाणी तसं होत नाही. खरी करामत पाण्याची असते.

१. समुद्राच्या तळातल्या खनिजांमध्ये पाणी अडकलेलं असतं. भूपट्ट साधारण १०० किलोमीटर खोल पोहोचेपर्यंत दाब आणि उष्णतेमुळे ते बाहेर पडतं.

२. हे पाणी वरच्या प्रावरणात शिरतं. मीठ टाकल्यावर बर्फ कमी तापमानालाही वितळतो, तसा पाण्यामुळे खडकाचा वितळणबिंदू खाली येतो. प्रावरण थोडंसं वितळतं.

३. हा शिलारस वर चढतो आणि भूखंडाच्या तळाशी साचतो. त्याच्या उष्णतेने भूखंडाचा खडकही वितळू लागतो. पाणी असेल तर ग्रॅनाइटसारखा खडक खोलवर साधारण ६५० ते ७०० अंश सेल्सिअसलाही वितळायला लागतो.

४. दोन्ही रस मिसळतात, त्यातले जड स्फटिक खाली बसतात, आणि उरलेला सिलिकाने भरलेला रस वर सरकून थंड होतो. तो ग्रॅनाइट किंवा त्याचा जवळचा भाऊबंद.

काही रस पृष्ठभागावर पोहोचून ज्वालामुखी बनतो. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात हे आजही चालू आहे. तिथे ज्वालामुखी वरून दिसतात आणि त्यांच्या खाली ग्रॅनाइट तयार होत असतो.

लडाख आणि गंगोत्री: हेच प्रकरण, पण ताजं

भंडाऱ्यातला पुरावा कोट्यवधी वर्षं दबला, पिळला आणि झिजला आहे. म्हणून आधी तुलनेने ताजं उदाहरण पाहिलं तर गोष्ट सोपी होते.

भारत आणि आशिया यांच्यामध्ये एकेकाळी टेथिस समुद्र होता. त्याचा तळ उत्तरेकडे आशियाखाली जात होता. त्या काळात तयार झालेला ग्रॅनाइट आज लडाखमध्ये उघडा पडला आहे. लेह शहराच्या मागचे करडे, उघडेबोडके डोंगर त्याचेच. त्याचा मोठा भाग साधारण ७ ते ५ कोटी वर्षांपूर्वी तयार झाला.

मग समुद्र संपला आणि भारत आशियाला भिडला. भूखंडाचा खडक हलका असल्याने तो समुद्राच्या तळासारखा सहज खाली जात नाही. त्यामुळे कवच दुमडलं, जाड झालं आणि हिमालय उभा राहिला. जाड झालेल्या कवचाच्या पोटात गाळाचेच खडक वितळले आणि त्यातून दुसऱ्या जातीचा, पांढराशुभ्र ग्रॅनाइट बनला. गंगोत्रीजवळची शिवलिंग आणि भागीरथी ही शिखरं या ग्रॅनाइटची आहेत. त्याचं वय सुमारे सव्वादोन कोटी वर्षं.

म्हणजे क्रम असा: आधी सबडक्शनचा ग्रॅनाइट, मग टक्कर, मग टक्करीचा ग्रॅनाइट. या दोन ग्रॅनाइटांची वयं कळली की समुद्र कधी मिटला, हे दोन्ही बाजूंनी बांधता येतं. उद्या हिमालय झिजून सपाट झाला, तरी हे दोन ग्रॅनाइट तिथे राहतील. भंडाऱ्यात भूवैज्ञानिक नेमकं हेच शोधतात.

ग्रॅनाइटची जात कशी ओळखतात?

१९७४ मध्ये ऑस्ट्रेलियातले ब्रूस चॅपेल आणि ॲलन व्हाइट यांनी ग्रॅनाइटचे दोन मुख्य प्रकार मांडले. पुढे त्यात भर पडली. आज साधारणपणे तीन नावं वापरली जातात.

- आय-प्रकार: अग्निजन्य खडकांपासून बनलेला. यात हॉर्नब्लेंड नावाचं काळं खनिज बऱ्याचदा असतं. सबडक्शनच्या जागी हा भरपूर सापडतो. लडाखचा ग्रॅनाइट या जातीचा.
- एस-प्रकार: गाळाचे खडक वितळून बनलेला. ॲल्युमिनियम जास्त, पांढरं अभ्रक आणि कधी गार्नेट. टक्करीनंतर जाड झालेल्या कवचात असा ग्रॅनाइट तयार होतो. गंगोत्रीचा ग्रॅनाइट या जातीचा.
- ए-प्रकार: भूखंड ताणला जाऊन फाटू लागतो तेव्हा किंवा डोंगरबांधणी संपल्यावर दिसणारा. कोरडा, जास्त तापमानाचा.

दुसरी खूण सूक्ष्म मूलद्रव्यांची. सबडक्शनच्या जागी पाण्याबरोबर रुबिडियम, बेरियमसारखी मूलद्रव्यं वर येतात, पण निओबियम, टँटलम आणि टायटॅनियम सहसा मागे राहतात. त्यामुळे अशा ग्रॅनाइटच्या आलेखात निओबियमच्या जागी खड्डा दिसतो.

पण या खुणेत एक धोका आहे. ग्रॅनाइट बऱ्याचदा जुना खडक वितळून बनतो. तो जुना खडक स्वतः सबडक्शनमधून आला असेल, तर त्याची खूण नव्या ग्रॅनाइटमध्येही उतरते, मग त्या वेळी तिथे समुद्र असो वा नसो. वडिलांचं नाक मुलाला यावं, तसं. म्हणून फक्त रसायनावर विसंबून निकाल देता येत नाही. वय, आजूबाजूचे खडक आणि त्यांच्या घड्या हे सगळं एकत्र पाहावं लागतं.

२५० कोटी वर्षांचं वय कसं मोजतात?

ग्रॅनाइटमध्ये झिरकॉन नावाचे बारीक स्फटिक असतात, बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे. झिरकॉन बनताना त्यात थोडं युरेनियम सहज शिरतं, शिसं मात्र जवळजवळ शिरतच नाही. पुढे युरेनियमचं ठरावीक वेगाने शिशात रूपांतर होत जातं. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षं आहे आणि युरेनियम-२३५ चं सुमारे ७० कोटी. एकाच दाण्यात अशी दोन घड्याळं चालू असल्याने एकाचा हिशेब दुसऱ्याशी ताडून पाहता येतो.

झिरकॉन चिवटही असतो. खडक तापला, पिळला गेला तरी जुना दाणा टिकतो आणि त्याच्यावर नवा थर चढतो. लेझर किंवा आयनांच्या झोताने मधल्या गाभ्याचं आणि बाहेरच्या थराचं वय वेगवेगळं मोजता येतं. गाभा सांगतो ग्रॅनाइट कधी बनला. बाहेरचा थर सांगतो तो पुन्हा कधी भाजला गेला.

पूर्वी ही सोय नव्हती. १९८० च्या दशकात मध्य भारतातली अनेक वयं रुबिडियम-स्ट्रॉन्शियम पद्धतीने काढली गेली. ही पद्धत पूर्ण खडकावर चालते आणि खडक नंतर तापला तर तिचं घड्याळ बिघडू शकतं. छत्तीसगडमधल्या डोंगरगडच्या ग्रॅनाइटचं वय या पद्धतीने सुमारे २२५ कोटी वर्षं आलं होतं. झिरकॉनने ते सुमारे २५० कोटींवर नेलं. २५ कोटी वर्षांचा हा फरक किरकोळ नाही. हिमालयाची आजवरची पूर्ण गोष्ट सुमारे ५ कोटी वर्षांत बसते.

'मध्य भारताची शिवण' ही कल्पना कुठून आली?

या भागाचा अभ्यास मँगनीजच्या शोधातून सुरू झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लुईस फर्मोर यांनी १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीजवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. क्वार्ट्झ आणि मँगनीजयुक्त गार्नेट यांच्या इथल्या खडकाला त्यांनी 'गोंडाइट' हे नाव दिलं, गोंड समाजावरून. पुढे डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी १९३६ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या देवलापार भागात दाखवून दिलं की इथे खडकांचे मोठे पदर मूळ जागेवरून सरकून दुसऱ्या खडकांवर जाऊन बसले आहेत. आल्प्समध्ये अशी रचना माहीत होती. म्हणजे इथेही कधीतरी मोठी डोंगरबांधणी झाली होती.

भूपट्टांचा सिद्धांत १९६० च्या दशकात रुजला. त्यानंतर जुन्या निरीक्षणांकडे नव्याने पाहिलं गेलं. १९९० मध्ये डी. बी. येडेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मध्य भारतीय टक्कर-शिवण' ही मांडणी केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं:

- बुंदेलखंड आणि बस्तर यांच्यामध्ये समुद्र होता.
- त्याचा तळ दक्षिणेकडे, म्हणजे बस्तरच्या खाली गेला.
- मलाजखंड आणि डोंगरगडचे ग्रॅनाइट आणि त्यांच्यासोबतचे ज्वालामुखीय खडक ही त्या सबडक्शनची निर्मिती.
- समुद्र संपल्यावर दोन्ही भूखंड भिडले आणि सौसरचे थर दुमडले.

सौसर पट्ट्याच्या दक्षिण कडेला खडक चिरडले, ताणले गेल्याचा एक लांबलचक पट्टा आहे. त्याला मध्य भारतीय शिअर झोन म्हणतात. त्याच्या बाजूने कवचाच्या खोल भागातून वर आलेले ग्रॅन्युलाइट खडक आहेत. त्यांचं नावच 'भंडारा-बालाघाट ग्रॅन्युलाइट पट्टा'. शिवण असेल तर ती याच रेषेवर, असा तर्क होता.

चित्र सुबक होतं. पण २००३ मध्ये अभिनव रॉय आणि हनुमा प्रसाद यांनी उलट दिशा सुचवली. समुद्राचा तळ दक्षिणेला नव्हे, तर उत्तरेला, बुंदेलखंडाच्या बाजूखाली गेला, असं त्यांचं म्हणणं. त्याच सुमारास ग्रॅनाइटांच्या नव्या तारखा येऊ लागल्या आणि खरा पेच समोर आला.

तारखा आल्या आणि गोष्ट तीन भागांत फुटली

पहिली तारीख: सुमारे २५० कोटी वर्षं. बालाघाट जिल्ह्यातल्या मलाजखंडला हिंदुस्तान कॉपरची तांब्याची मोठी खाण आहे. तिथलं तांबं ग्रॅनाइटमध्ये आणि त्यातल्या क्वार्ट्झच्या शिरांमध्ये आहे. ग्रॅनाइटमधल्या झिरकॉनचं वय सुमारे २४८ कोटी वर्षं निघालं. होली स्टाइन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये धातुकातल्या मॉलिब्डेनाइटचं वय रेनियम-ऑस्मियम या वेगळ्या पद्धतीने मोजलं, तेही सुमारे २४९ कोटी आलं. दोन वेगळी घड्याळं, जवळपास एकच वेळ. ग्रॅनाइट आय-प्रकारचा आहे आणि ग्रॅनाइटसोबत तांबं-मॉलिब्डेनम येणं ही अँडीजसारख्या सबडक्शनच्या जागांची ओळखीची खूण आहे.

दुसरी तारीख: सुमारे १६० कोटी वर्षं. तिरोडी नाईस म्हणजे पिळलेला ग्रॅनाइटी खडक. त्याच्या झिरकॉनच्या गाभ्याचं वय सुमारे १६२ कोटी वर्षं येतं. भंडारा-बालाघाट ग्रॅन्युलाइटही साधारण याच काळात भाजले गेले. म्हणजे मलाजखंडनंतर जवळपास ९० कोटी वर्षांनी इथे पुन्हा शिलारस तयार झाला आणि कवच तापलं.

तिसरी तारीख: सुमारे १०० कोटी वर्षं. सौसरचे थर दुमडले आणि रूपांतरित झाले ते केव्हा? खरगपूर आयआयटीचे संतनू भौमिक आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या अभ्यासात हा काळ सुमारे १०६ ते ९४ कोटी वर्षांपूर्वीचा येतो. जगातले भूखंड एकत्र येऊन 'रोडिनिया' हा महाखंड तयार होत होता, तो हा काळ.

आता १९९० च्या मांडणीकडे पुन्हा पाहा. तिच्यात मलाजखंडचा ग्रॅनाइट आणि सौसरच्या घड्या ही एकाच गोष्टीची सुरुवात आणि शेवट होती. पण त्यांच्यात जवळजवळ १५० कोटी वर्षांचं अंतर निघालं. कुठलाही समुद्र मिटायला इतका वेळ घेत नाही. आज पृथ्वीवरचा समुद्रतळ साधारण २० कोटी वर्षांपेक्षा जुना क्वचितच सापडतो, कारण त्याआधीच तो खाली जातो.

म्हणजे मलाजखंडच्या ग्रॅनाइटने जो समुद्र पाहिला असेल, तो सौसरचे डोंगर उभे करणारा समुद्र नव्हे. पट्टा तोच, पण घटना वेगळ्या. एकदा जोडलेली जागा कमकुवत राहते आणि पुढच्या ताणात तिथेच पुन्हा हालचाल होते, असं जगात इतरत्रही दिसतं. शिवलेलं कापड शिवणीवरच उसवतं, तसंच काहीसं.

डोंगरगडच्या ग्रॅनाइटवर एकमत का नाही?

मलाजखंड आणि डोंगरगड या दोन्हींची वयं साधारण २५० कोटी. दोन्ही एकाच जुन्या गाभ्यातले. तरी डोंगरगडबद्दल वाद आहे.

डोंगरगडच्या ग्रॅनाइटमध्ये ए-प्रकाराच्या खुणा दिसतात. त्याच्यासोबत राजनांदगाववरून नाव पडलेला 'नांदगाव गट' आहे. त्यात एकीकडे सिलिकाने भरलेले ऱ्हायोलाइट आणि दुसरीकडे बसाल्ट असे दोन टोकांचे ज्वालामुखीय खडक आहेत. मधल्या प्रकारचे कमी. असं जोडीचं चित्र भूखंड ताणून फाटताना अनेकदा दिसतं. म्हणून काही अभ्यासक म्हणतात, इथे समुद्र मिटत नव्हता, तर जमीन फाटत होती.

दुसरा गट म्हणतो, खुणा सबडक्शनच्याही आहेत. सबडक्शनच्या मागच्या बाजूला भूखंड कधीकधी ताणला जातो, तसं इथे झालं असावं. मलाजखंड पुढच्या रांगेत आणि डोंगरगड मागे, अशी मांडणी केली तर दोन्ही बाजूंचे पुरावे एकत्र बसू शकतात. पण २५० कोटी वर्षांत हे खडक कुठून कुठे सरकले, हे माहीत असल्याशिवाय तशी मांडणी पक्की करता येत नाही.

भंडाऱ्यातल्या मँगनीजचा याच्याशी काय संबंध?

चिखला, डोंगरी बुजुर्ग आणि सितासावंगी ही तुमसर तालुक्यातली नावं खाणींमुळे ओळखीची आहेत. मॉइल ही सरकारी कंपनी इथे मँगनीज काढते. डोंगरी बुजुर्गची खाण उघडी आहे आणि तिथलं मँगनीज डायऑक्साइड ड्राय बॅटरीसाठी वापरलं जातं. बाकी मँगनीजचा मोठा वापर पोलाद बनवताना होतो. भूविज्ञानातही या परिसराचं नाव आहे. सौसर गटातल्या एका थराला सितासावंगीचंच नाव दिलेलं आहे.

हे मँगनीज ग्रॅनाइटमधून आलेलं नाही. ते समुद्राच्या पाण्यातून गाळाबरोबर तळाशी बसलं. नंतरच्या डोंगरबांधणीत ते थर दुमडले, भाजले आणि धातुकाच्या पट्ट्या वाकल्या. खाणीत मँगनीजची पट्टी कुठे जाड होते, कुठे वळते आणि कुठे अचानक संपते, हे त्या घड्यांवर ठरतं. वेस्ट यांच्यासारख्यांनी घड्यांचा नकाशा काढला, त्याचा उपयोग खाणकामालाही होतो.

म्हणजे या परिसरात समुद्राचे दोन वेगळे पुरावे आहेत. मँगनीजचे थर सांगतात की इथे समुद्र *होता*. ग्रॅनाइट सांगतो की समुद्राचा तळ खाली *गेला*. दुसरा पुरावा पहिल्याशिवाय अर्धा आहे, आणि पहिला दुसऱ्याशिवाय.

याचा सामान्य माणसाला उपयोग काय?

तांबं शोधताना: तांबं, मॉलिब्डेनमसारखे धातू हवे असतील तर सबडक्शनचा ग्रॅनाइट शोधावा लागतो. भूखंड फाटताना बनलेल्या ग्रॅनाइटमध्ये वेगळी खनिजं मिळण्याची शक्यता असते. त्यामुळे 'डोंगरगडचा ग्रॅनाइट कुठल्या जातीचा' हा प्रश्न फक्त प्रबंधापुरता नाही. पुढचं बोअर कुठे मारायचं, हे त्यावर ठरतं.

पाण्यासाठी: ग्रॅनाइट आणि नाईस हे कडक खडक आहेत. त्यांच्यात पाणी मुरतं ते वरच्या कुजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. म्हणून दोन शेजारच्या शेतांत एका विहिरीला पाणी लागतं आणि दुसरी कोरडी जाते. भंडारा-गोंदियात कोहळी समाजाने बांधलेले तलाव आणि मालगुजारी तलाव याच जमिनीवरचं उत्तर आहेत. जमिनीत पाणी फार मुरत नसेल, तर ते वरच अडवायचं.

मग नक्की काय आणि वादात काय?

नक्की म्हणता येईल: भंडाऱ्याच्या उत्तरेचा पट्टा दोन जुन्या भूखंडांच्या मधला आहे. सौसरचे थर समुद्रात साचले आणि नंतर मोठ्या डोंगरबांधणीत दुमडले. मलाजखंडचा ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांचा आहे आणि सौसरची डोंगरबांधणी त्यानंतर फार उशिरा झाली.

वादात आहे: सबडक्शन दक्षिणेला होतं की उत्तरेला. दोन भूखंडांची शेवटची जोडणी १६० कोटी वर्षांपूर्वी झाली की १०० कोटी. डोंगरगडचा ग्रॅनाइट समुद्र मिटतानाचा की जमीन फाटतानाचा.

यातला कुठलाही वाद फक्त नकाशावर सुटणार नाही. त्यासाठी उघड्यावरचे खडक लागतात, त्यातून योग्य जागचा नमुना लागतो आणि त्यातले मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे दाणे लागतात. गिट्टीसाठी फोडलेली टेकडी पुन्हा उभी राहत नाही. तिच्यातली नोंदही तिच्याबरोबर जाते.

पुढच्या वेळी तुमसर किंवा साकोलीच्या बाजूला रस्त्याकडेला फिकट, चमकणारा, पट्टेदार दगड दिसला, तर थोडं थांबून पाहा. दाणे मोठे असतील आणि पट्टे वाकलेले असतील, तर तो खडक किमान दोन अवस्थांमधून गेला आहे. आधी तो शिलारस म्हणून खोलवर सावकाश थंड झाला असेल. आणि नंतर कधीतरी, डोंगर उभे राहताना, त्यांच्या पोटात पिळला गेला असेल.